नीतीचा पाठ आणि तोंडी आदेश

लाच घेणे वाईट, हे महापालिकेतील कोणत्याही कारकुनाला शिकवावे लागत नाही. ते त्याला शाळेच्या बाकावर असतानाच समजलेले असते. आणि जो लाच घेतो त्यालाही ते समजलेले असतेच, म्हणून तर तो ती टेबलाखालून घेतो. तरीही दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस, सरदार पटेलांच्या जयंतीच्या सुमारास, देशभरातील सरकारी व निमसरकारी कचेऱ्यांतून दक्षता सप्ताह पाळला जातो. कर्मचारी ओळीने उभे राहून सचोटीची शपथ घेतात, एखादे व्याख्यान होते आणि सप्ताहाचा फलक पुढील वर्षासाठी गुंडाळून ठेवला जातो. शपथ घेऊन कर्मचारी आपल्या टेबलाशी परततो, तेव्हा तेथे त्याची वाट पाहत असलेला प्रश्न मात्र त्या शपथेत आलेला नसतो.

तो प्रश्न कोणता? ठेकेदाराच्या माणसाने दिवाळीच्या सकाळी घरी आणून दिलेला मिठाईचा पुडा ठेवायचा की परत पाठवायचा? परवाना विभागात स्वतःच्या भाच्याचाच अर्ज आला, तर त्यावर टिपणी लिहायची की ती फाइल दुसऱ्याकडे सोपवायची? मोजमाप पुस्तिकेत नोंद नसताना 'बिल आजच काढा' असे साहेबांनी तोंडी सांगितले, तर काय करायचे? मुकादमाने हाताखालच्या सफाई कामगाराकडून हातउसने पैसे मागितले, तर ती उसनवारी मानायची की हजेरीची किंमत? महापालिकेच्या शाळेतील शिक्षकाने आपल्याच वर्गातील मुलांची सायंकाळी खाजगी शिकवणी घ्यावी काय? कर्मचाऱ्याला रोज अडवणारे प्रश्न या जातीचे असतात. नीतीच्या प्रशिक्षणाचे मोल ठरवायचे असेल, तर या प्रश्नांशी त्याचा काही संबंध पोहोचतो की नाही, या एकाच कसोटीवर ते ठरवावे लागेल.

घरचा सद्गुण, कचेरीतला दोष

'नीती घरातून येते, ती वर्गात शिकवता येत नाही', असा आक्षेप या विषयावर नेहमी घेतला जातो. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. खोटे बोलू नये, दुसऱ्याचे घेऊ नये, हे घर शिकवते. परंतु नातेवाइकाच्या अडीअडचणीला धावून जावे, उपकाराची फेड करावी, वडीलधाऱ्यांचा शब्द खाली पडू देऊ नये, दारी आलेल्याने प्रेमाने दिलेले नाकारू नये, हेही घरच शिकवते. घरात हे सारे सद्गुण असतात. कचेरीच्या उंबरठ्याच्या आत मात्र त्यांचे रूप पालटते. भाच्याला मदत करणारा मामा घरी भला माणूस ठरतो. परवाना विभागात तोच मामा रांगेत उभ्या असलेल्या इतर पन्नास जणांवर अन्याय करीत असतो. वडीलधाऱ्यांचा शब्द झेलणारा मुलगा घरी गुणी. मोजमापाशिवाय बिल काढणारा कारकून मात्र करदात्यांच्या पैशाचा अपराधी.

म्हणजे नीतीच्या प्रशिक्षणाची गरज पट्टीच्या लाचखोराला नसते. त्याच्यासाठी १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आहे, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा आहे, न्यायालय आहे. प्रशिक्षणाची खरी गरज सज्जनाला असते. ज्याला नीट वागायचे आहे, परंतु दोन चांगल्या कर्तव्यांपैकी कोणते कोठे संपते आणि कोणते कोठे सुरू होते हे ज्याला कोणी कधी सांगितलेले नाही, अशा माणसाला ती असते. महापालिकांतून अशांची संख्या लहान नाही. मुंबई महापालिकेचीच कर्मचारीसंख्या लाखाच्या घरात आहे. आणि तेथील सफाई कामगारापासून खातेप्रमुखापर्यंत प्रत्येकाचा संबंध नागरिकाच्या अगदी निकडीच्या गोष्टींशी येतो: पाणी, कचरा, जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला, घराचा नकाशा, मुलाची शाळा. सामान्य माणसाला 'सरकार' प्रथम भेटते ते वॉर्ड ऑफिसच्या खिडकीशीच. तेथे त्याला जो अनुभव येतो, त्यावरून तो साऱ्या लोकशाहीविषयी आपले मत बनवतो.

एका महानगराचा धडा

या बाबतीत ज्या शहराचा अनुभव तपासण्याजोगा आहे ते न्यूयॉर्क. त्याच्या सेवेतही तीन लाखांवर माणसे आहेत, आणि नीतीचे शिक्षण त्याने शपथेपुरते न ठेवता थेट शहराच्या सनदेत लिहून ठेवले आहे. ही सुबुद्धी त्याला सहज सुचलेली नाही. १९८६ साली तेथे मोठे प्रकरण उघडकीस आले. वाहने चुकीच्या जागी उभी केल्याबद्दलचे थकलेले दंड वसूल करण्याचे ठेके खाजगी कंपन्यांना दिले जात, आणि त्या ठेक्यांसाठी खात्यातील अधिकाऱ्यांना व पक्षनेत्यांना लाच पोहोचत असे. क्वीन्स भागाचे निर्वाचित अध्यक्ष डोनाल्ड मेनेस यांनी मार्च १९८६ मध्ये आत्महत्या केली. ब्राँक्समधील पक्षनेते स्टॅन्ली फ्रीडमन त्याच वर्षी दोषी ठरले. खात्याच्या उपसंचालकाने गुन्हा कबूल करून साक्ष दिली. दंडाच्या चिठ्ठीसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या कागदाने एका महानगराची सत्ता हादरवली.

त्यानंतर १९८८ मध्ये मतदारांनी सनदेत दुरुस्ती मंजूर केली आणि सरकारी पद व खाजगी हितसंबंध यांच्या संघर्षावर देखरेख ठेवणारे पाच सदस्यांचे एक मंडळ निर्माण झाले. या मंडळाचे नियम वाचताना आपल्याकडील कारकुनाला ओळखीची माणसे भेटल्यासारखे वाटेल. शहराशी व्यवहार करणाऱ्याकडून पन्नास डॉलर वा त्याहून अधिक किमतीची भेट घ्यायची नाही. आपल्या पदाचा उपयोग नातेवाइकाला नोकरी वा काम मिळवून देण्यासाठी करायचा नाही. वरिष्ठाने कनिष्ठाशी उसनवारी किंवा धंद्याचा व्यवहार करायचा नाही. वरिष्ठाने हाताखालच्या माणसाला निवडणुकीच्या प्रचाराला वा पक्षाच्या वर्गणीला लावायचे नाही. नोकरी सोडल्यावर एक वर्षपर्यंत आपल्या जुन्या खात्यात कोणाची वकिली करायला जायचे नाही. यांतील एकाही नियमात उपदेश नाही. काय करायचे आणि काय नाही, एवढेच सांगितले आहे. पुढे २०१० मध्ये मतदारांनी पुन्हा एक दुरुस्ती करून हे नियम समजावून देणारे प्रशिक्षण प्रत्येक लोकसेवकाला सक्तीचे केले आणि दंडाची कमाल मर्यादा १०,००० डॉलरवरून २५,००० डॉलरवर नेली.

तथापि या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रशिक्षणाचा तास ही नव्हे. ती गोष्ट अशी की, कोणत्याही कर्मचाऱ्याला एखादे कृत्य करण्यापूर्वी मंडळाच्या वकिलाला दूरध्वनीवरून गुप्तपणे विचारता येते: 'मी असे केले तर चालेल काय?' उत्तर मिळते, आणि विचारणाऱ्याचे नाव त्याच्या साहेबापर्यंत जात नाही. प्रशिक्षणात माणसाला सारी उत्तरे मिळत नाहीत, मिळणारही नाहीत. येथे काही प्रश्न आहे हे ओळखण्याची नजर त्याला तेथे मिळते; आणि तो प्रश्न घेऊन जायला एक दार उघडे असते. नजर आणि दार या दोन गोष्टी एकत्र आल्या, म्हणजेच प्रशिक्षणाला अर्थ येतो.

शिकवणीला न पुरणाऱ्या गोष्टी

असे असूनही न्यूयॉर्क निष्पाप झाले, असे कोणी समजू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील सार्वजनिक गृहनिर्माण प्राधिकरणाच्या ७० आजी-माजी कर्मचाऱ्यांवर एकाच दिवशी लाचखोरीचे आरोप ठेवण्यात आले. १०,००० डॉलरपर्यंतची लहान दुरुस्तीची कामे निविदेवाचून देण्याचा अधिकार इमारतींच्या व्यवस्थापकांना होता. ही कामे देताना ते ठेकेदाराकडून बहुधा कामाच्या रकमेच्या १० ते २० टक्के घेत, असा आरोप होता. सुमारे १.३ कोटी डॉलरच्या कामांपोटी २० लाखांहून अधिक डॉलरची लाच दिली गेल्याचे सरकारी पक्षाने मांडले. 'टक्केवारी' हा शब्द केवळ मराठी मुलखातच समजतो, असा ज्यांचा समज असेल त्यांनी तो दूर करावा.

याचा अर्थ शिकवणी फुकट गेली असा लावणे सोपे आहे, पण तो बरोबर नाही. जेथे एकच माणूस काम ठरवतो, तोच ठेकेदार निवडतो आणि काम पुरे झाल्याचा शेराही तोच मारतो, तेथे कोणत्याही प्रशिक्षणाचा पराभव ठरलेलाच असतो, हा त्याचा खरा अर्थ. उघड्या तिजोरीशेजारी उभे राहून अस्तेयावर प्रवचन देण्यासारखा तो प्रकार होतो. आधी तिजोरीला कुलूप हवे, आणि त्याच्या दोन किल्ल्या दोघांकडे हव्यात. मग प्रवचनाला कान मिळतात.

त्याच शहराचे दुसरे उदाहरण सत्तेच्या वरच्या टोकाचे आहे. महापौर बिल डी ब्लाझिओ २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी देशभर फिरले. त्या दौऱ्यांत सोबत असलेल्या पोलिस संरक्षकांचा प्रवासखर्च शहराच्या तिजोरीतून करता येणार नाही, असे मंडळाने त्यांना आधीच कळवले होते. त्यांनी तो तरीही करू दिला. जून २०२३ मध्ये मंडळाने त्यांना ३,१९,७९४ डॉलरची भरपाई आणि १,५५,००० डॉलरचा दंड ठोठावला. पुढे तडजोडीत दंड पुष्कळ कमी झाला, पण भरपाईची जबाबदारी टळली नाही. महापौराला सल्ला दिला गेला, त्याने तो डावलला, आणि त्याचा हिशेब जगजाहीर झाला. सफाई कामगाराला आणि महापौराला एकच नियम लागू आहे, हे व्याख्यानात सांगून पटत नाही. अशा एखाद्या निकालाने पटते. खालच्या माणसाची नीतीवरील श्रद्धा वरच्या माणसाला झालेल्या शिक्षेवर किती अवलंबून असते, हे कचेरीत नोकरी केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

आपल्या दप्तरातले नियम

आपल्याकडे नियमांचा दुष्काळ आहे काय? मुळीच नाही. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. पालिकेच्या ठेक्यात पालिकेच्याच माणसाचा हितसंबंध असू नये, हे तत्त्व त्या काळापासून त्यात आहे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे वर्तणूक नियम आहेत. संथानम समितीने १९६४ मध्येच प्रशासनातील भ्रष्टाचाराचे सविस्तर निदान केले, आणि त्याच वर्षी केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ मध्ये शासनातील नीती या एकाच विषयावर स्वतंत्र अहवाल दिला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. २०२० मध्ये केंद्राने 'मिशन कर्मयोगी' सुरू करून सरकारी सेवकांच्या प्रशिक्षणाला संगणकाची जोड दिली. मुंबईत १९२६ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अभ्यासक्रमांतून पालिका कर्मचाऱ्यांच्या कित्येक पिढ्या कायदा आणि हिशेब शिकल्या आहेत.

मग उणीव कोठे आहे? उणीव दाराची आहे. लाच मागितली गेली तर नागरिकाला तक्रार करण्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. गुन्हा घडत असताना तो उपयोगी पडतो. परंतु गुन्हा घडण्याच्या कितीतरी आधी, मनात पहिली शंका येते त्या क्षणी, कर्मचाऱ्याने विचारायचे कोणाला? 'वरिष्ठांची पूर्वपरवानगी घ्यावी', असे नियम अनेक बाबतींत सांगतात. पण शंका वरिष्ठांविषयीच असेल तर? तोंडी आदेश ज्यांनी दिला, त्यांनाच जाऊन 'आपला आदेश नियमात बसतो काय' असे विचारायचे काय?

तोंडी आदेश ही आपल्या कचेऱ्यांतील अनीतीची खरी जन्मभूमी आहे. केंद्र सरकारी सेवकांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत याचे उत्तर स्वच्छ शब्दांत दिलेले आहे. वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा; तोंडी द्यावा लागलाच तर वरिष्ठाने तो नंतर लेखी कायम करावा, आणि कनिष्ठानेही तशी लेखी पुष्टी मागून घ्यावी. नियम उत्तम आहे. पण साहेबांकडे लेखी पुष्टी मागणाऱ्या कारकुनाचे पुढे काय होते, हे प्रत्येक कारकुनाला ठाऊक असते. त्याच्या गोपनीय अहवालात 'सहकार्याची वृत्ती नाही' असा शेरा येतो, किंवा त्याचे टेबल बदलते. प्रशिक्षणाच्या तासाला हा नियम वाचून दाखवला जातो; तो वापरणाऱ्याच्या पाठीशी कोण उभे राहील, हे मात्र सांगितले जात नाही. गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये संमत केला. त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी तो अंमलात आलेला नव्हता. ज्या देशात संरक्षण इतका काळ कागदावर राहते, तेथे धैर्याचे पाठ देणाऱ्याने थोडा संकोच बाळगावा, हे बरे.

नगरपालिकेत एकट्याने 'नाही' म्हणण्याची परंपरा या मातीत नाही, असे नव्हे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा नियुक्त सदस्यांपैकी एकट्या जोतीरावांनी त्याला पाठिंबा दिला नाही. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्या खर्चात लाच नव्हती, अपहार नव्हता. तो रीतसर मंजूर होणारा खर्च होता. तरीही लोकांचा पैसा कशासाठी, हा नीतीचा प्रश्न त्यात होता, आणि तो एका माणसाला दिसला. मात्र जोतीराव पालिकेचे पगारी नोकर नव्हते. त्यांची बढती कोणा साहेबाच्या शेऱ्यावर टांगलेली नव्हती. प्रत्येक कारकुनाने फुले व्हावे, अशी अपेक्षा करणारी व्यवस्था आपली जबाबदारी त्याच्या खांद्यावर ढकलत असते. सामान्य धैर्याच्या माणसालाही नीट वागता येईल, अशी रचना ज्या कचेरीत असते, तीच कचेरी नीतिमान.

काय करता येईल

असे करायला फार मोठा खर्च लागत नाही. पहिली गोष्ट, नीतीचे प्रशिक्षण व्याख्यानरूप असू नये. ते त्या त्या विभागातील खऱ्या प्रसंगांवर चालावे. परवाना विभागाला परवान्याचे प्रसंग द्यावेत, शिक्षकांना शाळेचे, मुकादमाला हजेरीचे, अभियंत्याला मोजमाप पुस्तिकेचे. आणि त्या वर्गात पहिल्या बाकावर खातेप्रमुख बसलेले असावेत. उद्घाटन करून निघून जाणारे नसावेत. दुसरी गोष्ट, प्रत्येक महापालिकेत आयुक्तांच्या आस्थापनेबाहेरचा, विधी जाणणारा एक सल्लागार असावा, ज्याला कोणताही कर्मचारी नाव गुप्त ठेवून विचारू शकेल आणि ज्याचा लेखी सल्ला मानणाऱ्याला पुढे त्याच कारणावरून शिक्षा होणार नाही. विचारले गेलेले प्रश्न, नावे गाळून, वर्षातून एकदा छापले जावेत. पुढील वर्षाच्या प्रशिक्षणाला त्याहून उत्तम पाठ्यपुस्तक मिळणार नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे मोहाची जागाच कमी करणे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने या दिशेने एक चांगले पाऊल टाकले आहे. कोणती सेवा, किती दिवसांत, कोणत्या अधिकाऱ्याने द्यायची हे अधिसूचित करायचे. विलंब झाला तर अपील. आणि दोषी ठरलेल्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड. दाखला किती दिवसांत मिळणार हे भिंतीवर लिहिलेले असले, आणि तसा तो मिळू लागला, म्हणजे फाइलीवर 'वजन' ठेवण्याचे कारणच उरत नाही. मुदत पाळणे हाही नीतीचाच एक पाठ आहे. किंबहुना नागरिकाच्या दृष्टीने तोच पहिला पाठ आहे.

या साऱ्यांतून भ्रष्टाचार समूळ नष्ट होईल, असा दावा कोणी करू नये. कौटिल्याने सरकारी अपहाराचे चाळीस प्रकार मोजले होते, आणि त्यानंतरच्या शतकांनी त्या यादीत भरच घातली आहे. परंतु जो माणूस आज भाच्याची फाइल हातात घेऊन घुटमळतो आहे, जो दिवाळीचा पुडा दारात ठेवून विचारात पडला आहे, जो साहेबांचा तोंडी आदेश ऐकून रात्री झोपू शकलेला नाही, तो माणूस अजून बिघडलेला नाही. त्याचे घुटमळणे ही महापालिकेची मोलाची ठेव आहे. त्या क्षणी त्याला विचारायला जागा मिळाली तर तो सचोटीच्या बाजूला राहील. न मिळाली तर दुसऱ्या वेळी तो कमी घुटमळेल, आणि तिसऱ्या वेळी मुळीच नाही. शपथ सर्वांनी मिळून मोठ्या आवाजात घेता येते. शंका मात्र एकट्याने, हळू आवाजात विचारावी लागते. तो हळू आवाज ऐकणारे कोणी कचेरीत ठेवले, तरच त्या मोठ्या आवाजातील शपथेला काही किंमत राहील.